भांडण शून्याचे, शोध स्थानाचा

शून्य कोणाचे, हा वाद थंड पडला असे वाटत असतानाच पुन्हा उकळी फुटते. २०१७ साली ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयाने बख्शाली हस्तलिखिताच्या, म्हणजे शून्याचा ठिपका असलेल्या एका जुन्या भारतीय गणिती पोथीच्या, भूर्जपत्रांचे कार्बन-कालमापन जाहीर केले तेव्हा असेच झाले. तपासलेली पाने तीन निरनिराळ्या काळांतली निघाली: एक तिसऱ्या-चौथ्या शतकाच्या आसपासचे, दुसरे सातव्या-आठव्या आणि तिसरे नवव्या-दहाव्या शतकातले. लगेच एका बाजूने शून्याचे वय काही शतकांनी वाढल्याचा आनंद साजरा केला. दुसऱ्या बाजूने बॅबिलोन आणि माया संस्कृतीचे दाखले काढले. काही अभ्यासकांनी शांतपणे लक्षात आणून दिले की हस्तलिखित एकसंध रचना वाटते, आणि तसे असेल तर ते सगळ्यात उशिराच्या पानाहून जुने धरता येणार नाही. त्यांचे म्हणणे गलबल्यात कोणी ऐकले नाही. मला गंमत वाटली ती वेगळीच. त्या भूर्जपत्रांवर शून्य म्हणून जो ठिपका आहे तो तिथे काय करतो आहे, हे विचारण्याची गरज दोन्ही बाजूंपैकी कोणालाच पडली नव्हती.

तो ठिपका जागा अडवून बसला आहे. एका अंकाचे घर रिकामे आहे एवढेच तो सांगतो. म्हणून माझे म्हणणे सुरुवातीलाच मांडून टाकतो: दशमान पद्धतीतला खरा शोध शून्य नाही, घर आहे. अंकाची किंमत त्याच्या आकारात नसून तो कुठे बसला आहे त्यावर ठरते, आणि दर पुढच्या घरात ती दहापट होते, ही ती कल्पना. घातांक म्हणजे याच घरांचे क्रमांक. शून्याच्या नादात आपण इतिहासात चुकीच्या गोष्टीसाठी भांडतो, आणि वर्गात त्याच चुकीची किंमत मुले मोजतात.

साक्षीदार जुनेच आहेत, फक्त त्यांचे बोलणे नीट ऐकायला हवे. आर्यभटाने इ. स. ४९९ च्या सुमारास संख्यास्थानांची नावे देऊन नियम सांगितला, ‘स्थानात् स्थानं दशगुणं स्यात्’. एका स्थानाहून पुढचे स्थान दहापट. या ओळीत शून्याचा उल्लेख नाही. योगसूत्रांवरच्या व्यासभाष्यात एक दृष्टांत येतो: एकच रेघ शतस्थानी शंभर, दशस्थानी दहा आणि एकस्थानी एक होते, जशी एकच स्त्री कोणाची आई, कोणाची मुलगी आणि कोणाची बहीण म्हटली जाते. इथेही शून्य नाही. ध्यानात घ्या, हा गणिताचा ग्रंथ नव्हे. तत्त्वज्ञानातला अवघड मुद्दा सोपा करण्यासाठी भाष्यकार स्थानमूल्याचे उदाहरण देतो, म्हणजे वाचकाला ते आधीच घरोब्याचे असणार. तिसरा साक्षीदार परका आहे. सेवेरस सेबोख्त हा सिरियातला बिशप, ६६२ साली, भारतीयांची गणना शब्दांत मावणार नाही अशी आहे आणि ती नऊ चिन्हांनी होते असे लिहितो. नऊ, दहा नव्हे! ज्याच्या कौतुकाचे प्रमाणपत्र आपण मिरवतो त्यालाही थक्क केले ते नऊ अंकांनी आणि त्यांच्या बसण्याच्या रीतीने.

उलट बाजूने पाहू. शून्याचे चिन्ह हाती असले की सगळे आपोआप घडते, असे असते तर ग्रीक खगोलशास्त्रज्ञ टॉलेमीच्या हातून घडायला हवे होते. इ. स. दुसऱ्या शतकातल्या त्याच्या खगोलीय कोष्टकांत साठाव्या भागांचे रिकामे घर दाखवण्यासाठी एक लहान वर्तुळासारखे चिन्ह येते. ते शून्यच आहे. पण त्याच कोष्टकात पूर्णांक मात्र ग्रीक वर्णमालेच्या अक्षरांत लिहिलेले: एकासाठी एक अक्षर, दहासाठी निराळे, शंभरासाठी आणखी निराळे. शून्य दारात येऊन उभे राहिले आणि पूर्णांकांत घर नव्हते म्हणून परत गेले. बॅबिलोनमध्ये नेमके उलटे झाले. तिथे साठाच्या पायावरची स्थानपद्धती इ. स. पूर्व २००० च्या सुमारास होती, आणि रिकाम्या घरासाठी चिन्ह यायला हजारभराहून अधिक वर्षे लागली. तोवर काम अडले नाही. चीनमध्ये गणनेच्या काड्या पाटावर मांडत, एकक-दशकाची घरे पाळत, आणि घर रिकामे असेल तर ते नुसते रिकामे ठेवत. रिकाम्या जागेला चिन्ह लागते ते पाटावरून कागदावर आल्यावर, कारण कागदावर रेघोट्यांची चौकट नसते. म्हणजे स्थान शून्याशिवाय नांदू शकते, शून्य मात्र स्थानाशिवाय बेकार. यात आधी कोण आणि कोणासाठी कोण, हे सांगायला हवे का?

माया लोकांचे उदाहरण तर या वादात हमखास येते, आणि हमखास अर्धवट येते. त्यांच्याकडे शून्य होते, शिंपल्यासारख्या सुरेख चिन्हाचे. स्थानेही होती, पाया वीस. पण त्यांच्या दीर्घ कालगणनेत घरांच्या किमती १, २०, ३६०, ७२०० अशा चढतात. तिसरे घर ४०० चे न होता ३६० चे झाले, कारण वर्षाच्या दिवसांशी जुळवून घ्यायचे होते. तारखा कोरायला ही रचना उत्तम. गुणाकार करून पाहा मात्र. वीसच्या घरातला एक आणि वीसच्या घरातला एक यांचा गुणाकार ४००, आणि ४०० चे घरच नाही! आपल्याकडे शतकाच्या घरातला एक गुणिले सहस्राच्या घरातला एक म्हणजे बरोबर लक्षाच्या घरातला एक. दोन पायऱ्या आणि तीन पायऱ्या मिळून पाच पायऱ्या. घर गुणिले घर बरोबर घर, हा गुण शून्यातून येत नाही. प्रत्येक पायरी सारखीच, दहापटीची आहे, म्हणून तो येतो. शून्य असूनही पायरी मोडली की तो जातो.

आता समोरच्यांचे बळकट मुद्दे. पहिला: शून्याशिवाय २०५ आणि २५ यांत फरक कसा करणार? कंबोडियातल्या शक ६०५ च्या, म्हणजे इ. स. ६८३ च्या शिलालेखात मधला ठिपका नसता तर ते साल ६५ वाचले गेले असते. ग्वाल्हेरच्या चतुर्भुज मंदिरातल्या ८७६ च्या लेखातले २७० हेही शून्य गळाले की २७ होते. हे सगळे मान्य. बॅबिलोनच्या लेखनिकाला एक आणि साठ एकाच खुणेने लिहावे लागत आणि संदर्भावरून ओळखावे लागत, हा त्या पद्धतीतला खरा दोष होता; पुढे त्यांनी मधल्या रिकाम्या घराला खूण दिली तरी शेवटच्या घराला कधी दिली नाही. तेव्हा शून्याने स्थानपद्धतीला निःसंदिग्ध केले, तिला कागदावर टिकाऊ केले, हे ऋण मोठे आहे. पण पहारेकरी कितीही इमानी असला तरी वाडा त्याने बांधला असे आपण म्हणत नाही.

दुसरा मुद्दा याहून वजनदार आहे. शून्य हे केवळ रिकाम्या जागेचे चिन्ह राहिले नाही, ती संख्या झाली, आणि ते ब्रह्मगुप्ताने केले. ६२८ सालच्या ब्राह्मस्फुटसिद्धान्तात धन, ऋण आणि शून्य यांच्या बेरीज-वजाबाकी-गुणाकाराचे नियम आहेत. शून्याला शून्याने भागल्यास शून्य, हा त्याचा नियम आज आपण मानत नाही, पण तो प्रश्न विचारण्याची हिंमत त्याची होती. या कामगिरीपुढे मी निमूट हात जोडतो. अडचण एवढीच की ही दुसरी गोष्ट आहे, आणि वाद घालणारे दोन्हींची सरमिसळ करतात. भूर्जपत्रावरचा ठिपका दाखवून ब्रह्मगुप्ताचे श्रेय मागायचे, किंवा बॅबिलोनची तिरपी खूण दाखवून ते नाकारायचे, दोन्ही सारखेच गैर. ज्यांना भारतीय वारशाचा अभिमान आहे त्यांनी खरे तर शून्याचा हट्ट सोडून स्थानाचा धरावा. बाजू अधिक भक्कम होईल. शून्यासाठी चारचौघांशी भांडावे लागते. नऊ अंक, दहाचा पाया, आणि दर घरात अखंड दहापट, एवढे सगळे कागदावर एकत्र आणून त्यावर बेरजेपासून घनमुळापर्यंतच्या रीती बसवणे, यात वाटेकरी फार थोडे आहेत. अल्-ख्वारिझ्मी या बगदादच्या गणितज्ञाने नवव्या शतकात अरबीत जी रीत समजावली आणि फिबोनाचीने १२०२ मध्ये लॅटिनमध्ये जी नेली, ती ‘भारतीयांची रीत’ याच नावाने. फ्लॉरेन्समधल्या सराफांच्या संघाने १२९९ मध्ये जमाखर्चात हे अंक वापरायला बंदी घातली, तीही बंदी अंकांवर होती.

घातांकांचे काय, असे कोणी विचारील. घातांक म्हणजे घराचे एककापासूनचे अंतर. एककाच्या घरातून डावीकडे किती पावले, तेवढा घातांक. दशक एक पाऊल, शतक दोन, सहस्र तीन. हे आधुनिक चष्म्यातून जुन्याकडे पाहणे नव्हे. आर्यभटाची वर्गमुळाची रीतच घ्या. ती स्थानांची विभागणी वर्गस्थान आणि अवर्गस्थान अशी करते, एकाआड एक. आजही आपण वर्गमूळ काढताना अंकांच्या जोड्या पाडतो. का पाडतो? कारण १, १००, १०,००० हे पूर्ण वर्ग आहेत आणि १०, १००० नाहीत. सम पावलांवरचे घर वर्ग असते, विषम पावलांवरचे नसते. घातांक हा शब्द आणि ते चिमुकले चिन्ह नव्हते, विचार पूर्ण होता. नऊची कसोटी घ्या, अंकांची बेरीज करा, नऊने भाग जातो का पाहा. ती चालते कारण दहाचा कुठलाही घात नवाच्या पटीहून एकने जास्त असतो. अकराची कसोटी एकाआड एक अधिक-उणे करते, कारण दहा अकराहून एकने कमी आहे आणि त्या ‘उणे एक’चे घात आलटून पालटून चिन्ह बदलतात. पाठ केलेल्या या युक्त्या सगळ्या घरांच्या अंतरातून निघतात. ‘एक आणि एक अकरा’ ही आपली लाडकी म्हणसुद्धा स्थानमूल्याशिवाय उभी राहत नाही. रोमन लेखनात एकाशेजारी एक लिहिले की बिचारे दोनच होतात.

आणि उलटही घडू शकते, घातांक असूनही स्थान न सुचणे. आर्किमिडीजने सारे विश्व वाळूने भरले तर किती कण लागतील याचा हिशेब मांडला. उत्तर आजच्या भाषेत दहाच्या ६३ व्या घाताहून कमी. त्यासाठी त्याने दहा कोटींच्या पटीत चढणारी संख्यांची श्रेणी रचली, आणि एकापासून सुरू होणाऱ्या सम-पटीच्या मालिकेत दोन पदांचा गुणाकार कुठे पडेल हे अंतरे मोजून सिद्ध केले. घातांकांच्या बेरजेचा नियम तो हाच. पुढे फ्रेंच गणितज्ञ लाप्लासने नवल केले की दशमान लेखनाची इतकी साधी युक्ती आर्किमिडीजसारख्यालाही सुचली नाही. मला त्याहून नवल याचे वाटते की त्याच्या मुठीत तिचा अर्धा भाग होता. पावले मोजणे त्याला आले, पण त्या पावलांवर नऊ अंक बसवून लिहावे हे नाही आले.

दोन्ही अर्धे एका खुणेत जोडलेले पाहायचे असतील तर १५८५ साल पाहावे. सायमन स्टेविन या फ्लेमिश अभियंत्याने दशांश अपूर्णांकांवर एक छोटी पुस्तिका काढली. दशांश चिन्ह त्याच्याकडे नव्हते. तो प्रत्येक अंकापुढे वर्तुळात त्याच्या घराचा क्रमांक लिही: पूर्णांकापुढे वर्तुळातले शून्य, दशांशापुढे एक, शतांशापुढे दोन, सहस्रांशापुढे तीन. त्याच वर्षीच्या आपल्या अंकगणिताच्या ग्रंथात अज्ञात राशीचे वर्ग, घन दाखवायलाही त्याने वर्तुळातले अंकच वापरले. स्थान आणि घातांक यांना एकच पोशाख! उजवीकडच्या पावलांना ऋण चिन्ह लावायचे राहिले, एवढेच. त्याच्याही आधी, बाराव्या शतकात, अस्-समावल या बगदादच्या गणितज्ञाने एक मध्ये ठेवून दोन्ही बाजूंना घातांची कोष्टके मांडली होती आणि अज्ञात राशीची बहुपदी अंकांसारखी भागायची रीत दिली होती. म्हणजे दहाच्या जागी कुठलीही राशी ठेवा, रीत तीच. २१ गुणिले १३ बरोबर २७३ करताना आपण नकळत बहुपदीचाच गुणाकार करतो, फक्त हातचा आला की दहा असल्याचा फायदा घेतो.

शाळेत काय होते? स्थानिक किंमत आणि दर्शनी किंमत खालच्या इयत्तेत, ‘विस्तारित रूप लिहा’ या प्रश्नापुरती. मग काही वर्षे शांतता. मग एक दिवस ‘घातांक’ नावाचे प्रकरण, दोनाचा घन, तिनाचा वर्ग, नियमांची चौकट, आणि त्या चौकटीत एक हुकूम: कुठल्याही शून्येतर संख्येचा शून्यावा घात एक. आमच्या वर्गात कोणीतरी विचारले, ‘शून्य वेळा गुणले तर एक कसे?’ उत्तर आले, ‘नियम आहे, लिहून घ्या.’ मी लिहून घेतले आणि पुढची कित्येक वर्षे ते एक न पटलेले सत्य म्हणून सांभाळले. दहाचा शून्यावा घात पहिलीपासून माझ्या वहीत एककाच्या घरात बसलेला होता, हे कोणी दाखवलेच नाही. सहस्र, शतक, दशक असे एकेक पाऊल उजवीकडे या, दर पावलाला दहाने भागा, घातांक ३, २, १ असा उतरतो. पुढच्या पावलाला एककाशिवाय दुसरे काय येणार? आणि तिथेच का थांबायचे? आणखी एक पाऊल, दशांश, उणे एक. आरसा दशांश चिन्हात नसून एककात आहे, हे एकदा दिसले की दशांश, शतांश आहेत मग ‘एककांश’ कुठे गेला हा मुलांना पडणारा प्रश्नही सुटतो.

याला शिक्षकांचा आक्षेप असतो आणि तो पोकळ नाही. घातांक दहावरून शिकवला तर मुले ‘घातांक म्हणजे शून्यांची संख्या’ असे समजतात. मग दोनाचा तिसरा घात लिहिताना गोंधळतात, आणि ऋण घातांकापुढे तर हातच टेकतात. अनुभव खरा आहे. पण रोगाचे निदान पाहा. मूल शून्ये मोजत होते, म्हणून अडले. शून्याचे कौतुक वर्गात कसे भोवते ते हे. ‘दहाने गुणायचे? शून्य जोडा’ ही युक्ती २५ ला चालते आणि २.५ ला २.५० करून ठेवते. अंक सगळेच्या सगळे एक घर डावीकडे सरकतात, असे शिकवले असते तर दोन्ही ठिकाणी चालले असते. ‘एकशे पाच’ ऐकून १००५ लिहिणारे मूलही आळशी नसते. ते शंभर ऐकल्याबरोबर त्याची दोन शून्ये इमानाने लिहून टाकते. पावले मोजायची सवय असेल तर पाया बदलला तरी बिघडत नाही. द्विमान पद्धतीत घरांच्या किमती १, २, ४, ८, १६ आणि पावले तीच ०, १, २, ३, ४. अपूर्णांकी घातांक मात्र या वाटेने येत नाहीत, घर आणि घर यांच्यामध्ये घर नसते. तिथे नवी कल्पना लागते, हे मी मोकळेपणी मान्य करतो.

‘मग एकं, दहं, शतं ही नावे काढून टाकायची का?’ मुळीच नाही. नावांना लय आहे, ती पाठ होतात. पण नावे डगमगतात. वैदिक यादीत परार्ध म्हणजे दहाचा बारावा घात. भास्कराचार्यांच्या लीलावतीत परार्ध सतराव्या घाताचे नाव झाले. बिलियन म्हणजे कोणाचा नववा घात, कोणाचा बारावा. ब्रिटनने तर १९७४ मध्ये सरकारी वापरात एक सोडून दुसरा धरला. लीलावतीतल्या श्लोकात हे स्वच्छ कबूल केले आहे: या स्थानांच्या संज्ञा पूर्वजांनी व्यवहारासाठी केल्या. संज्ञा माणसांच्या सोयीच्या असतात, पावलांचा क्रमांक मात्र कोणाच्या सोयीने बदलत नाही.

माझी मागणी त्यामुळे फार छोटी आहे, नवे प्रकरण नको की नवे पुस्तक नको. तिसरी-चौथीत स्थानिक किमतीचा तक्ता काढतात, सहस्र, शतक, दशक, एकक. त्याच्या डोक्यावर उजवीकडून डावीकडे आणखी एक ओळ लिहावी: ०, १, २, ३. घातांक हा शब्दही उच्चारू नये. पुढे तो येईल तेव्हा मुलांना ओळखीचा चेहरा भेटेल. या ओळीत एककाच्या वर एक शून्य येते. निकोला शुके याने ते १४८४ मध्ये फ्रान्समध्ये घातांक म्हणून लिहिले, त्याचा ग्रंथ छापून यायला १८८० साल उजाडले. शून्यासाठी इतकी भांडणे झाली, पण या शून्यावर हक्क सांगायला आजवर कोणी आलेले मी ऐकलेले नाही.